सोशिकपणाचे स्तोम

‘मराठवाड्याचा माणूस मोठा सोशिक’ हे वाक्य मराठी सुशिक्षितांच्या तोंडी इतके रुळले आहे, की ते उच्चारताना आपण एखाद्याची स्तुती करीत आहोत की त्याच्यावरची आपली जबाबदारी झटकून टाकीत आहोत, हा प्रश्न कोणास पडत नाही. जालना जिल्ह्यात पावसाने दडी मारली, भोकरदन-जाफराबादकडील विहिरी कोरड्या पडल्या, अंबड-घनसावंगीच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, की हे वाक्य हटकून बाहेर निघते. आणि त्याच जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याने आपल्या आयुष्याचा शेवट करून घेतल्याची बातमी आली, की तीच तोंडे तितक्याच सहजतेने म्हणतात, ‘मनाने दुबळा निघाला बिचारा.’ कालपर्यंत जो सोशिकतेचा पुतळा होता, तो एका रात्रीत दुबळा कसा ठरला, याचा खुलासा मात्र कोणी करीत नाही. आमच्या मते ही दोन्ही वाक्ये एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत आणि ते नाणेच खोटे आहे.

या सोशिकपणाच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केला जाणारा दाखला म्हणजे १९७२ चा दुष्काळ. ‘बहात्तर साली आम्ही खडी फोडली, मिलो खाल्ला, लेकराबाळांस सुकडी चारली, पण गळ्याला दोर लावला नाही,’ असे म्हणणारे वडीलधारे लोक अद्याप हयात आहेत आणि त्यांच्या अनुभवाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु त्यांच्या अनुभवावरून आजचे टीकाकार जो निष्कर्ष काढतात, तो त्यातून निघत नाही. एक तर त्या वर्षी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा हिशेब कोणी स्वतंत्रपणे ठेवीतच नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने ‘शेतकरी’ हा वेगळा रकाना पाडला तो १९९५ साली. जे मोजलेच नाही, ते घडलेच नाही असे म्हणणे हा कोणता न्याय? दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बहात्तरची आपत्ती सर्व गावाची होती. पाझर तलावाच्या कामावर पाटील आणि मजूर एकाच उन्हात उभे होते, हजेरीपत्रकावर दोघांचीही नावे होती आणि ठरल्या दिवशी दोघांच्याही हाती मजुरी पडत होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा निघाला. आजची आपत्ती तशी नाही. ती बँकेच्या नोटिशीच्या रूपाने येते आणि त्या नोटिशीवर एकाच माणसाचे नाव असते. कृषी सेवा केंद्राची उधारी त्याची एकट्याची, बोअर कोरडी गेली ती त्याची एकट्याची, मुलीचे ठरलेले लग्न पुढे ढकलावे लागले ती नामुष्कीही त्याची एकट्याची. समाईक दुःख माणूस चारचौघांत बोलून दाखवितो. खाजगी अपयश तो लपवितो. म्हणूनच बहात्तरचा माणूस पोलादाचा आणि आजचा मेणाचा, हे अनुमान आम्हांस मान्य नाही. माणूस तोच आहे, त्याच्याभोवतीचे गाव तेवढे निघून गेले आहे.

हे आम्ही केवळ तर्काने म्हणतो असे कोणी समजू नये. मानसशास्त्राने या प्रश्नाचा पाठपुरावा बरीच वर्षे केलेला आहे. व्हिएन्नाजवळ मारिएन्टाल नावाचे एक गिरणीचे गाव होते. १९२९ नंतरच्या मंदीत तेथील गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तेथे राहून जे पाहिले, ते १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गिरणी बंद झाल्यावर वेळच वेळ हाती आला, तेव्हा गावच्या वाचनालयातून पुस्तके अधिक जावीत, असे कोणीही म्हणेल. ती कमी जाऊ लागली. रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चाल या मंडळींनी घड्याळ लावून मोजली, तर ती मंदावलेली आढळली. बायका मात्र अजून लगबगीने चालत होत्या, कारण घरकाम बेकार झाले नव्हते! शाळेतील मुलांना नाताळसाठी काय हवे ते लिहावयास सांगितले, तेव्हा त्यांनी मागण्या लहान केल्या आणि त्याही ‘मिळाले असते तर’ अशा भाषेत लिहिल्या. गावातील बहुसंख्य कुटुंबांचे वर्णन या संशोधकांनी ‘निमूटपणे सोसणारी’ असेच केले आहे. घर झाडलेले, मुले नीटनेटकी, तक्रार नाही, आणि पुढचा बेतही नाही. आमच्याकडील एखादा व्याख्याता तेथे गेला असता, तर त्याने मारिएन्टालच्या लोकांच्या सोशिकपणावर तासभर व्याख्यान झोडले असते. त्या संशोधकांनी मात्र प्रत्येक कुटुंबाची आवक तपासली. तेव्हा असे दिसले, की माणशी आवक जसजशी घटते, तसतसे कुटुंब उमेदीतून निमूटपणात, निमूटपणातून निराशेत आणि तेथून सर्वस्वी सुन्नपणात उतरत जाते. याचा अर्थ असा, की सोशिकपणा हा सद्गुण म्हणून कोणाच्या रक्तात मुरलेला नसतो. ती उतारावरची एक पायरी आहे आणि तिच्याखाली आणखी पायऱ्या आहेत. त्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाची पाठ थोपटणे म्हणजे त्याला खाली लोटण्यास हातभार लावणेच होय.

‘दुबळ्या मना’च्या सिद्धांताचे तर याहून वाईट हाल झालेले आहेत. तामिळनाडूतील ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धिमापनाच्या पद्धतीने परीक्षा घेण्यात आली, एकदा पिकाचे पैसे हाती येण्यापूर्वी, ओढगस्तीच्या दिवसांत आणि पुन्हा एकदा पैसे मिळाल्यानंतर. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणूस तोच, शेत तेच. पण ओढगस्तीच्या दिवसांत त्याची विचारशक्ती स्पष्टपणे उणी भरली आणि पैसे हाती येताच सावरली. चिंता ही डोक्यातील जागा अडवून बसते आणि उरलेल्या जागेत माणसाने शहाणपणाचे निर्णय घ्यावेत, अशी आपली अपेक्षा असते. सावकाराच्या कागदावर घाईने अंगठा किंवा सही करणाऱ्यास मूर्ख म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी स्वतःच्या आयुष्यातील एखादा महिना आठवून पाहावा; पगार थकलेला, घरात आजारपण आणि दाराशी घरमालक. तेवढ्यातही त्यांचे डोके किती चालले होते, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

येथपर्यंत आमच्याशी सहमत होणारा एक मोठा वर्ग पुढच्या पावलावर मात्र आमचा हात सोडतो. तो म्हणतो, ‘ठीक आहे. मग पाणी द्या, भाव द्या, सातबारा कोरा करा. मानसोपचाराचे थोतांड मध्ये आणता कशाला? शेतकऱ्याचे डोके ठिकाणावर आहे, सरकारचे नाही.’ हे लोक प्रामाणिक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यातील पूर्वार्ध शंभर टक्के खरा आहे. न्यायालयाच्या आदेशावरून २००५ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने आणि पुढच्याच वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने जे अहवाल दिले, त्यांत कोरडवाहू शेतीची दैना कोणीही वाचावी. दुसऱ्या अहवालाच्या हिशेबाप्रमाणे महाराष्ट्रातील पुरुष शेतकऱ्यांमधील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ साली लाखामागे १५ होते, ते २००४ साली ५७ झाले. इतक्या माणसांची मने एकाच दशकात आपोआप बिघडली, असे कोणताही शहाणा मानसशास्त्रज्ञ म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. पाण्याऐवजी गोळी देऊ पाहणाऱ्या सरकारची बाजू घेण्याची आमची इच्छा नाही.

परंतु या मंडळींच्या उत्तरार्धात एक विलक्षण अहंकार लपलेला आहे. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीस परीक्षेच्या काळात झोप येईनाशी झाली, तर ते तिला तज्ज्ञाकडे नेतात आणि त्याची वाच्यता होऊ नये म्हणून काळजी घेतात. परतूर किंवा मंठ्याच्या बाईस तीन महिने झोप नसेल, तर मात्र तिचा प्रश्न ‘मूलतः आर्थिक’ ठरतो. श्रीमंताला मन असते आणि गरिबाला फक्त पोट, अशी ही वाटणी आहे. ती करणारा स्वतःस गरिबांचा कैवारी समजत असला, तरी गरिबाच्या माणूसपणाचा अर्धा भाग तो परस्पर कापून घेतो. कर्ज माफ होऊ शकते. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, तेथील शोक कोणत्या मंत्रिमंडळाने माफ केला आहे? त्या घरातील दहा वर्षांच्या मुलाने गोठ्याकडे जाणे सोडले आहे, ते कोणत्या हप्त्यात वळते करावयाचे?

किल्लारीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथे पैशाची मदत पोचली. नवी गावे वसली, पक्की घरे झाली. तरीही त्या पक्क्या घरांच्या छपराखाली निजण्याची लोकांस भीती वाटे. वाचलेल्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास तेव्हा झाला. पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. मोहन आगाशे यांनी या कामात पुढाकार घेतला होता, आणि १९९६ साली अमेरिकेतील मानसरोगशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात या भूकंपातून वाचलेल्यांवरील जो प्राथमिक अहवाल आला, त्यात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांस निदान करता येण्याजोगा मानसिक विकार आढळला होता. नट म्हणून डॉ. आगाशे महाराष्ट्रास घरोघर ठाऊक आहेत. त्यांच्या या कामाची माहिती किती घरांत आहे, हे विचारण्यात अर्थ नाही. घर बांधून मिळाले, की मनाची भिंतही आपोआप उभी राहते, ही समजूत खोटी असल्याचे मराठवाड्याच्याच भूमीवर सिद्ध झालेले आहे. मग तीच समजूत दुष्काळाच्या बाबतीत पुन्हा का चालावी? भूकंप अर्ध्या मिनिटात घरे पाडतो, दुष्काळ तेच काम तीन वर्षे करीत राहतो, एवढाच काय तो फरक.

आणि सरकारचे काय? आत्महत्या करणाऱ्या शेतकऱ्याच्या वारसांस २००६ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे एक लाख रुपये मिळतात. त्यांपैकी तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. परंतु ते मिळण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती त्या मृत्यूस ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरविते. जमीन नावावर होती काय, कर्ज मान्यताप्राप्त ठिकाणचे होते काय, नापिकी होती काय, हे पाहिले जाते; मृत्यूचे कारण आजार, व्यसन किंवा घरगुती कलह असे निघाले, की प्रकरण अपात्र. मराठी भाषेच्या शब्दकोशात ‘अपात्र’ या शब्दाचा याहून क्रूर उपयोग आमच्या पाहण्यात नाही. या पद्धतीचा परिणाम काय होतो, ते पाहा. नवरा चार महिने गप्प होता, जेवत नव्हता, दारूकडे वळला होता, असे खरे सांगणाऱ्या बाईचे लाख रुपये जातात. म्हणून ती ते सांगत नाही, आणि भावकीही तिला सांगू देत नाही. अर्थात मृत्यूपूर्वीच्या महिन्यांत त्या मनाचे काय चालले होते, हे जाणून घेण्याचा जो एकमेव मार्ग होता, तो शासनाने स्वतःच्या हाताने बुजविला आहे. निराशेतून आलेले व्यसन आणि कर्जातून आलेली निराशा यांची फारकत करणारी ही विद्या कोणत्या विद्यापीठात शिकवितात, हे आम्हांस कळत नाही. मागे राहणाऱ्या स्त्रियांची स्थिती तर महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातील ५०५ स्त्रियांना भेटून मांडली आहे. २०१२ नंतर विधवा झालेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांच्या नावे तोवर शेतजमिनीचा हक्क लागलेला नव्हता.

अज्ञानाची हीच तऱ्हा वरच्या पातळीवरही आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशाची मानसिक आरोग्य पाहणी केली. मानसिक विकार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांस उपचार मिळत नाहीत, हा तिचा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत होतो. पण ती पाहणी बारा राज्यांत झाली आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता! आत्महत्यांच्या बातम्यांनी ज्या राज्याचे नाव देशभर झाले, त्याच्याच मनाची मोजणी राहून गेली. त्या राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर येथे, म्हणजे एकजात पूर्वीच्या ब्रिटिश मुलखात आहेत. निजामी राजवटीतून आलेल्या मराठवाड्याच्या वाट्यास त्यांपैकी एकही नाही. जालन्यास असे रुग्णालय मंजूर झाले आहे, याचा आम्हांस आनंद आहे. पण खाटांची गरज मूठभरांस असते. ज्यास ती नाही, असा शेतकरी दवाखान्यात जाऊन ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘डोकं बधिर झालंय, झोप येईना, कशातच मन लागंना.’ त्याला सलाईन लावले जाते, शक्तीचे इंजेक्शन दिले जाते आणि तो घरी परततो. त्यानेही गुण येईना, तर घरचे लोक त्याला बुलढाण्याकडे सैलानीस घेऊन जातात. त्याबद्दल त्यांस हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तेथे निदान सारे कुटुंब सोबत जाते, सोबत राहते आणि रोग्याच्या दुःखास दुःख म्हणून मान्यता मिळते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात या तिन्ही गोष्टी दुर्मिळ आहेत.

‘समर्थांच्या भूमीत मानसोपचार कशाला?’ असाही एक प्रश्न आम्हांस ऐकावा लागतो. समर्थ रामदासांचा जन्म याच जिल्ह्यातील जांबेचा, हे खरे. पण ज्या पुरुषाने मनाची समजूत घालण्यासाठी दोनशे पाच श्लोक खर्ची घातले, त्यास मन एका वाक्यात ताळ्यावर येते असे वाटत नसावे. ‘खंबीर हो’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण करणारे आम्ही, आणि वारसा सांगावयाचा समर्थांचा!

उपाय अशक्य आहेत काय? मुळीच नाहीत. शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रयोग झाला. गावातीलच साध्या कार्यकर्त्यांस शिकवून त्यांनी घरोघर जावे, बोलावे, ऐकावे आणि गरज पडेल त्यास डॉक्टरकडे पोचवावे, एवढीच त्याची रीत. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण तेथे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले; हा अहवाल २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आला. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशके बाजारातून काढून टाकण्यास आरंभ केला, आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण दहा वर्षांत निम्म्यावर आले. मरणाची ऊर्मी बहुधा क्षणिक असते आणि तो क्षण टळला तर माणूस वाचतो, ही संशोधनाने दिलेली गोष्ट त्या लहान बेटाने कायद्यात उतरविली. आपल्याकडे कायदा निदान मागे राहिलेला नाही: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा हा तीव्र ताणाखालील माणूस असल्याचे गृहीत धरले, आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत तो प्रयत्न हा सरसकट गुन्हा राहिलेला नाही. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवाही चालू आहे. ज्याच्या घरात असा एखादा जीव घुसमटत असेल, त्याने तो क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

राज्य सरकारने २०१५ साली मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात जालनाही आहे. आशा कार्यकर्तीने घरोघर प्रश्नावली घेऊन जावे आणि ताणाखालील माणूस हुडकून काढावा, ही त्यातील कल्पना ‘विश्राम’च्याच जातीची आणि अगदी योग्य आहे. पण त्या कार्यकर्तीच्या डोक्यावर लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग आणि दर महिन्यास नवे निघणारे सर्वेक्षण यांचे ओझे आहे, आणि तिचे मानधन कामाच्या मानाने लाज वाटावी इतके आहे. तिने एका दारात किती वेळ बसावे? दुःख सांगावयास माणसास निदान अर्धा तास लागतो, आणि पहिल्या भेटीत तर तो सांगतच नाही. सध्याच्या व्यवस्थेत मृत्यूनंतर पंचनाम्यासाठी तलाठी येतो. आमची मागणी एवढीच, की त्याच्या पाठोपाठ तीच आशा कार्यकर्ती त्या घरी जावी, पंधरा दिवसांनी पुन्हा जावी आणि तिसऱ्या महिन्यातही जावी. या प्रत्येक फेरीचे पैसे तिला मिळावेत. झोपेची व नैराश्याची साधी औषधे मंठ्याच्या माणसास जालन्याचे एसटी भाडे न भरता जवळच्या आरोग्य केंद्रात मिळावीत. आणि त्या बाईने नवऱ्याविषयी जे खरे ते सांगितले, म्हणून तिचे लाख रुपये बुडू नयेत.